व्हिएन्नातली माणसं फ्रेंच का बोलतात? इझाबेल युपेरच्या निमित्ताने युरोपातला सिनेमा

आमच्या फिल्म सोसायटीत मिखाएल हानेकेचा ‘ला पियानिस्त’ (म्हणजे ‘पियानो वाजवणारी’, २००१) दाखवला, तेव्हा खेळ संपल्यावर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग जिन्यात एका कॉलेजातल्या मुलीने मला गाठलं. “काका, गोष्ट व्हिएन्नातली, दिग्दर्शक ऑस्ट्रियाचा, शूबर्टची गाणीसुद्धा जर्मन. मग माणसं एकमेकांशी फ्रेंच का बोलतात?”

प्रश्न साधा होता, पण उत्तराला तो जिना पुरला नाही. युरोपात सिनेमाला पैसा कुठून येतो, दोन-तीन देश मिळून एक चित्रपट कसा करतात आणि एक फ्रेंच अभिनेत्री पन्नास वर्षं इतक्या देशांच्या दिग्दर्शकांबरोबर कशी काम करू शकली, हे सगळं त्या प्रश्नाच्या पोटात आहे. त्या दिवशी जे धड सांगता आलं नाही, ते इथे सावकाश सांगतो.

अभिनेत्रीचं नाव इझाबेल युपेर. स्पेलिंग पाहून आपल्याकडे ‘हुपर्ट’ लिहितात, पण फ्रेंचमध्ये त्या नावातला पहिला ‘ह’ आणि शेवटचा ‘ट’ दोन्ही उच्चारत नाहीत. जन्म १६ मार्च १९५३ चा, पॅरिसचा. चित्रपटांची संख्या शंभराच्या वर. २०१९ मध्ये गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं पन्नासावं वर्ष साजरं झालं, तेव्हा परदेशी कलावंताचा जीवनगौरव पुरस्कार तिला देण्यात आला.

आता पैशाचं बघू, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. फ्रान्समध्ये थिएटरात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तिकिटावर सुमारे १०.७ टक्के खास कर असतो. तिकीट दहा युरोचं असेल, तर त्यातला एक युरो आणि वर काही सेंट बाजूला निघतात. ही रक्कम सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळत नाही. ती जाते सेएनसे नावाच्या राष्ट्रीय चित्रपट केंद्राकडे. हे केंद्र १९४६ साली, महायुद्ध नुकतंच संपलेलं असताना स्थापन झालं. यातली खुबी अशी की कर सगळ्याच तिकिटांवर आहे. पॅरिसमध्ये हॉलिवुडच्या एखाद्या सुपरहिरोपटाला रांगा लागल्या, तर त्या रांगांमधून निघालेला पैसा पुढे फ्रेंच चित्रपटांच्या कामी येतो. परक्याचा चित्रपट अडवायचा नाही, त्याच्या गर्दीतून आपलं शेत भिजवून घ्यायचं. मला तरी सांस्कृतिक धोरणातली याहून शहाणी कल्पना आठवत नाही.

हा पैसा दोन वाटांनी बाहेर पडतो. पहिली वाट हिशेबाची: निर्मात्याच्या आधीच्या चित्रपटाची जितकी तिकिटं विकली गेली, त्या प्रमाणात त्याच्या खात्यावर रक्कम जमा होते, मात्र ती त्याला पुढच्या चित्रपटातच घालावी लागते. दुसरी वाट निवडीची. १९५९ साली, आंद्रे मालरो संस्कृतिमंत्री असताना ‘उत्पन्नावर आगाऊ’ अशी योजना आली. समिती पटकथा वाचते, पसंत पडली तर चित्रपटासाठी बिनव्याजी रक्कम देते. चित्रपट चालला तर त्याच्या उत्पन्नातून परतफेड करायची. नाही चालला तर निर्मात्याच्या घरावर टाच येत नाही. आपल्याकडे मराठी चित्रपटाला मिळणारं सरकारी अनुदान चित्रपट पुरा झाल्यावर, त्याला ‘अ’ किंवा ‘ब’ दर्जा ठरवून दिलं जातं. म्हणजे आधी कर्ज काढा, जोखीम घ्या, मग पाहू. तिथे विश्वास आधी टाकला जातो, आणि एवढ्या एका फरकाने काय लिहायचं हेच बदलतं. नायिका खुनी आहे, तिला पश्चात्ताप होत नाही, शेवटी कोणी सुधारत नाही, अशी पटकथा लिहिणाऱ्याला निदान एक दार ठोठावता येतं.

तिसरा पैसा टीव्हीचा. फ्रान्समध्ये वाहिन्यांना आपल्या उलाढालीचा ठरावीक हिस्सा युरोपीय चित्रपटांत गुंतवावाच लागतो. शिवाय आर्ते ही फ्रान्स आणि जर्मनी यांची सामायिक सांस्कृतिक वाहिनी १९९२ पासून सुरू आहे. युरोपातल्या कितीतरी अवघड चित्रपटांच्या सुरुवातीच्या पाट्यांवर तिचं नाव दिसेल.

राहिली सहनिर्मिती. फ्रान्स आणि इटली यांनी १९४९ मध्ये चित्रपटांसाठी करार केला. दोन्ही देशांचे निर्माते मिळून पैसे घालणार, दोन्हीकडचे नट आणि तंत्रज्ञ घेणार, आणि तयार होणारा चित्रपट कायद्याने दोन्ही देशांचा ‘आपला’ मानला जाणार. म्हणजे चित्रपटाला दुहेरी नागरिकत्व. मिलानमधल्या गरीब भावंडांची गोष्ट सांगणारा इटालियन दिग्दर्शक व्हिस्कोंतीचा ‘रोक्को आणि त्याचे भाऊ’ (१९६०) आठवा. त्यातला रोक्को म्हणजे फ्रान्सचा आलँ दलाँ आणि नादिया म्हणजे फ्रान्सचीच आनी जिरार्दो. तोंडं त्यांची, आवाज इटालियन कलाकारांचे. इटलीत तेव्हा आवाज नंतर भरायची पद्धतच होती, त्यामुळे सेटवर कोण कुठली भाषा बोलतोय याने फारसं अडत नसे.

पुढे याचं रीतसर गणित झालं. तीन किंवा अधिक देश मिळून चित्रपट करणार असतील तर त्यासाठी युरोप परिषदेने १९९२ मध्ये एक करारनामा केला आणि त्याच्या शेवटी चक्क गुणांचा तक्ता जोडला. एकूण १९ गुण. चित्रपट ‘युरोपीय’ ठरायचा तर त्यातले किमान १५ हवेत. दिग्दर्शक युरोपीय असेल तर ३ गुण, पटकथाकाराचे ३, संगीतकाराचा १. मुख्य भूमिकेला ३, दुसरीला २, तिसरीला १. छायाचित्रण, ध्वनी, संकलन, कलादिग्दर्शन यांना एकेक, चित्रीकरणाच्या जागेला १ आणि नंतरच्या तांत्रिक कामाच्या जागेला १. म्हणजे कागदावर मुख्य नटीचं वजन थेट दिग्दर्शकाइतकं! हा तक्ता पुढे सुधारला गेला, पण तत्त्व तेच राहिलं. निर्माता नटी निवडतो तेव्हा चेहरा आणि अभिनय बघतोच, पण तिच्या पासपोर्टामुळे कोणत्या देशाचं दार उघडेल हेही बघतो.

हे डोक्यात ठेवून ‘ला पियानिस्त’कडे परत येऊ. मूळ कादंबरी ऑस्ट्रियन लेखिका एल्फ्रीडे येलिनेकची, १९८३ ची. (येलिनेकला नोबेल मिळालं २००४ मध्ये, म्हणजे चित्रपटानंतर.) मिखाएल हानेकेने पटकथा लिहिली होती ती दुसऱ्या दिग्दर्शकासाठी. त्या दिग्दर्शकाला पैसे उभे करता आले नाहीत. मग हानेकेला दिग्दर्शनाबद्दल विचारलं गेलं, आणि त्याने अट घातली: युपेर असेल तरच करीन. याआधी त्याने तिला ‘फनी गेम्स’साठी विचारलं होतं आणि तिने नकार दिला होता. यावेळी ती हो म्हणाली. व्हिएन्नाची वेगा फिल्म आणि पॅरिसचे निर्माते एकत्र आले, आर्तेही आली. पॅरिसचा पैसा, युपेर, आईच्या भूमिकेत आनी जिरार्दो, विद्यार्थ्याच्या भूमिकेत बेन्वा माजिमेल. तिन्ही मोठ्या भूमिका फ्रेंच नटांकडे गेल्यावर चित्रपटाची भाषा फ्रेंच ठरली. तर त्या जिन्यातल्या प्रश्नाचं हे थेट उत्तर.

एका गोष्टीने मला दरवेळी भरून येतं. चित्रपटातल्या त्या कोंडलेल्या घरात एका पलंगावर झोपणाऱ्या मायलेकी म्हणजे सहनिर्मितीच्या दोन पिढ्या आहेत. आई ‘रोक्को’च्या काळातली, जिला परक्या भाषेसाठी आपला आवाज गमवावा लागला. मुलगी त्यानंतरची, ती आपला आवाज घेऊन व्हिएन्नात गेली आणि अख्ख्या शहराला फ्रेंच बोलायला लावलं.

आता युपेरचा स्वतःचा प्रवास. पॅरिसच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात शिक्षण, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला छोट्या भूमिका. ओळख मिळाली १९७७ च्या ‘ला दांतेलिएर’ने, म्हणजे ‘लेस विणणारी’. दिग्दर्शक क्लोद गोरेता स्वित्झर्लंडचा, चित्रपट फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि पश्चिम जर्मनी यांचा. म्हणजे पहिली मोठी भूमिकाच सहनिर्मितीत. पुढच्याच वर्षी क्लोद शाब्रोलच्या ‘व्हायोलेत नोझिएर’साठी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार, अमेरिकेच्या जिल क्लेबर्गबरोबर विभागून. आईवडिलांना विष घालणाऱ्या मुलीची ही १९३३ मधली खरी घटना. शाब्रोलबरोबर तिने पुढे आणखी सहा चित्रपट केले.

एक वर्ष मात्र नीट थांबून बघण्यासारखं आहे, ते १९८०. त्या वर्षी कानच्या स्पर्धेत तिचे तीन चित्रपट होते. मोरिस पियालाचा ‘लुलू’, म्हणजे अस्सल पॅरिस. गोदारचा ‘सोव्ह की प’, स्वित्झर्लंडमध्ये चित्रित झालेला. आणि मार्ता मेसारोश या हंगेरियन दिग्दर्शिकेचा, १९३० च्या दशकातल्या हंगेरीत घडणारा चित्रपट. त्यात मूल न होणारी एक श्रीमंत बाई दुकानात काम करणाऱ्या एका ज्यू मुलीला आपल्या नवऱ्यापासून मूल द्यायला सांगते. ती मुलगी फ्रान्सची युपेर, नवरा पोलंडचा यान नोविट्स्की. पूर्व आणि पश्चिम युरोपातला लोखंडी पडदा जागेवर होता, हंगेरी त्याच्या पलीकडे होती, आणि तरी सिनेमा त्या पडद्यातून ये-जा करत होता.

त्याच वर्षअखेरीस अमेरिकेत मायकल चिमिनोचा ‘हेवन्स गेट’ लागला. युपेरचे इंग्रजी उच्चार ऐकून स्टुडिओवाल्यांचा तिच्या नावाला विरोध होता. चिमिनो हटून बसला. चित्रपट असा आपटला की निर्मिती करणारी युनायटेड आर्टिस्ट्स ही जुनी कंपनीच विकली गेली. पुष्कळ युरोपीय नट्यांच्या बाबतीत हॉलिवुडचं दार हे सगळ्यात मोठं दार समजलं जातं, आणि ते तोंडावर आपटलं की चरित्रकार हळहळतात. मी अजिबात हळहळत नाही. ती परत येऊन बर्त्रां ताव्हेर्निए, जोसेफ लोझी, इटलीचे बोलोन्यीनी आणि फेरेरी यांच्याबरोबर कामाला लागली. पुढे आंद्रे वायदा, तावियानी बंधू, मार्को बेलोक्यो. जर्मन दिग्दर्शक वेर्नर श्रोएटरच्या ‘मालिना’साठी (१९९१) तिला जर्मनीचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला, त्याची पटकथाही येलिनेकचीच होती. दहा वर्षांनी ‘ला पियानिस्त’ आला तेव्हा हे सगळं ओळखीचं रान होतं.

नावांची ही यादी वाचून एक सूत्र हाती लागतं. मी भूमिका निवडत नाही, दिग्दर्शक निवडते, असं तिने मुलाखतींमधून पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. आपल्याला ते नुसतं नम्रतेचं बोलणं वाटू शकतं. पण वरची व्यवस्था समजली की कळतं, तिने स्वतःचं वजन दिग्दर्शकाच्या पारड्यात टाकलं. तिचं नाव कागदावर आलं की पैसे उभे राहायला मदत होते, आणि ते नाव ती अशा माणसांना देत आली ज्यांना सहजी पैसे मिळाले नसते. ऊर्सुला मायर, योआकिम लाफोस यांच्यासारख्या कारकिर्दीच्या सुरुवातीला असलेल्यांनाही तिने ते दिलं. व्यवस्था फ्रान्समध्ये सगळ्यांनाच उपलब्ध होती. त्या व्यवस्थेचा असा वापर फार थोड्या नट्यांनी केला.

आता अभिनयाबद्दल. तिला ‘थंड’ म्हणणारे प्रेक्षक मला नेहमी भेटतात, आणि मी त्यांच्याशी मनापासून भांडतो. ‘ला पियानिस्त’चा शेवट घ्या. पियानो शिकवणारी एरिका संगीतसभेच्या इमारतीत उभी आहे, पर्समध्ये स्वयंपाकघरातली सुरी. ज्या मुलाची ती वाट बघतेय, तो घरच्यांबरोबर हसत येतो, जाता जाता शिक्षिकेला करावा तसा नमस्कार करतो आणि आत जातो. लोक पांगतात. एरिका सुरी काढते आणि स्वतःच्याच खांद्याजवळ खुपसते. त्या क्षणी युपेरचा चेहरा वाकडा होतो, दात दिसतात, जनावरासारखा. जेमतेम एक सेकंद. पुढच्या सेकंदाला चेहरा पुन्हा सपाट. ब्लाउजवर छोटा डाग. ती पर्स सावरते, दारातून बाहेर पडते, रस्त्यावरून निघून जाते. आत तिची मैफल आहे आणि ती नाही. तो एक सेकंद इतका उघडा आहे कारण आधीचे दोन तास तिने काहीच बाहेर पडू दिलेलं नाही. याला थंडपणा कसं म्हणायचं? ती पात्राची वकिली करत नाही, आपल्याकडून सहानुभूती मागून घेत नाही, एवढंच. पियानोही ती खरा वाजवते. लहानपणी शिकली होती, या चित्रपटासाठी पुन्हा सरावाला बसली. २००१ च्या कानमध्ये तिला, माजिमेलला आणि चित्रपटाला, असे तीन पुरस्कार मिळाले.

हाच संयम तिने रंगमंचावर आणखी ताणला. २००२ मध्ये क्लोद रेजीने बसवलेल्या, ब्रिटिश नाटककार सॅरा केनच्या शेवटच्या नाटकात ती जवळजवळ सगळा प्रयोग एकाच जागी, हालचाल न करता उभी राहून करत असे.

पण ती हलकीही होऊ शकते, आणि ते पाहायचं तर शाब्रोलचा ‘ला सेरेमोनी’ (१९९५). फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या एका गावातली पोस्टातली बाई: दोन वेण्या, सतत चालणारं तोंड, दुसऱ्यांची पत्रं उघडून वाचायची खोड. सांद्रीन बॉनेर ही लिहिता-वाचता न येणारी, ते जिवाच्या आकांताने लपवणारी मोलकरीण. दोघींची मैत्री शाळकरी मुलींसारखी खिदळत वाढते आणि एका श्रीमंत, चांगल्या वागणुकीच्या कुटुंबाच्या अंगावर जाते. व्हेनिस चित्रपट महोत्सवात दोघींना मिळून पुरस्कार दिला गेला, तो अगदी योग्य होता. याच चित्रपटासाठी युपेरला पहिला सेझार, म्हणजे फ्रान्सचा मानाचा चित्रपट पुरस्कार, मिळाला.

दुसरा सेझार मिळायला २०१७ उजाडलं, ‘एल’साठी. नेदरलँड्सचा पॉल व्हरहूवन हॉलिवुडमध्ये वर्षानुवर्षं काम केलेला दिग्दर्शक. फिलिप जियांची फ्रेंच कादंबरी अमेरिकेत नेऊन चित्रपट करायचा असं आधी ठरलं, पटकथाही इंग्रजीत लिहून झाली. अमेरिकेतली एकही मोठी अभिनेत्री ही भूमिका घ्यायला तयार होईना: बलात्कार झालेली बाई, जी आपल्या अपेक्षेप्रमाणे कोसळत नाही, सूडाचा नेहमीचा रस्ताही धरत नाही. शेवटी गोष्ट पॅरिसला परतली, पटकथेचं फ्रेंच झालं, व्हरहूवन उतारवयात फ्रेंचच्या शिकवणीला बसला. युपेरला आयुष्यातलं पहिलं ऑस्कर नामांकन मिळालं तेव्हा ती ६३ वर्षांची होती. तीन दशकांहून जास्त काळ गेल्यावर हॉलिवुडच तिच्या दारात आलं, आणि तेही फ्रेंच बोलत.

या व्यवस्थेत खोट नाही असं नाही. पासपोर्टाचे गुण जुळवायला कथेत उगीच एखादा परदेशी पाहुणा घुसडलेले, तीन देशांचे मिळून एकाही देशाचे न वाटणारे चित्रपट खूप निघाले. सिनेमावाले त्यांना थट्टेने ‘युरोपुडिंग’ म्हणतात. युपेरच्याही यादीत विसरून जाण्यासारखे चित्रपट आहेतच. पण मेसारोशच्या चित्रपटातली ती दुकानातली मुलगी किंवा एरिका कोहूट करारापायी आणून बसवलेली वाटत नाही, याचं श्रेय मी अर्ध्याहून जास्त तिलाच देईन.

कुठून सुरुवात करू, असं त्या मुलीने पुढे मला विचारलं होतं. ‘ला पियानिस्त’ तिने आधीच पाहिला होता, म्हणून मी तिला ‘ला दांतेलिएर’ शोधायला सांगितलं. पॅरिसच्या केशकर्तनालयात काम करणारी, फारसं न बोलणारी पोम. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर तिला एक शिकलेला मुलगा भेटतो. एकदा खेळ म्हणून तो तिला डोळे मिटून चालायला सांगतो आणि आवाजाने वाट दाखवत समुद्रावरच्या कड्याच्या टोकाशी नेतो. ती एकदाही डोळे उघडत नाही. पुढे तो तिला सोडून देतो, तिचं मन बिघडतं. तो भेटायला येतो तेव्हा ती शांतपणे सांगते की मधल्या काळात मी ग्रीसला जाऊन आले. तो गेल्यावर आपल्याला रुग्णालयातली खोली दिसते. भिंतीवर ग्रीसची पोस्टरं, समोर विणत बसलेली पोम. ती मान वळवते आणि सरळ आपल्याकडे बघते.